भिश्तीच्या हातात काय?

मी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवते. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, पण एस.टी. स्टँडवर अजून माणसे ‘नगर, नगर’च म्हणतात, आणि माझ्या तोंडीही तेच बसले आहे. माझे शिक्षण उर्दूत झाले, बी.एड. होताना मराठीशी पहिल्यांदा खरी गाठ पडली, आणि आता लिहावेसे वाटते ते मराठीतच. वर्गात मात्र उर्दू, आणि मधल्या सुट्टीत आमची दखनी.

हा लेख एका खेळाबद्दल आहे. शिक्षिकेने खेळावर काय लिहायचे, असे कुणाला वाटेल. आमच्या शिक्षकखोलीतही तसे वाटलेच होते.

माझा धाकटा भाऊ पुण्यात कॉम्प्युटर कंपनीत आहे. दोन वर्षांपूर्वी बकरीदेला तो घरी आला, तेव्हा त्याच्या खिशात एक वीस बाजूंचा फासा होता. अम्मीला वाटले काचेचा मणी आहे. तो म्हणाला, “आपा, आम्ही दर रविवारी यावर खेळतो.” चार-पाच मित्र टेबलाभोवती बसतात. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे प्रत्येकी एक पात्र होतात. कुणी लढवय्या, कुणी जादूगार, कुणी चोर. आपले पात्र काय करणार ते ज्याचे त्याने सांगायचे, आणि ते जमले की फसले हे फासा ठरवणार. असा खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी छापून बाजारात आणला. नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. पोरेटोरे तेव्हापासून खेळताहेत आणि भांडताहेत.

भांडण कशावरून? कोणते पात्र जास्त ताकदवान, यावरून. सुरुवातीला तीनच प्रकार होते. लढवय्या, जादूगार आणि जखमा बऱ्या करणारा एक धर्मपुरुष. चोर १९७५ मध्ये आला. जादूगार पहिल्या दिवशी अगदी दुबळा. दिवसभरात एक मंत्र म्हणायचा, मग काठी धरून लढवय्याच्या मागे लपायचे. पण खेळ पुढे गेला की तोच जादूगार सगळ्यांना पुरून उरायचा आणि लढवय्या त्याच्यापुढे पहारेकरी वाटायचा. यावर तोड म्हणून खेळ करणाऱ्यांनी वरची पायरी चढायला वेगवेगळे गुण ठेवले. लढवय्याला २०००, जादूगाराला २५००, धर्मपुरुषाला १५००, चोराला १२०० पुरत. तरी तराजू काही सरळ झाला नाही. पन्नास वर्षांत आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या आणि प्रत्येक आवृत्तीत हाच तराजू पुन्हा हातात घेतला गेला.

भाऊ हे हसत हसत सांगत होता. माझ्या डोळ्यांपुढे मात्र सातवीचा वर्ग येत होता. बी.एड.ला ‘वैयक्तिक भिन्नता’ म्हणून एक प्रकरण असते. मी त्यावर दहा गुणांचे उत्तर पाठ केले होते आणि चांगले लिहिले होते. प्रत्येक मूल वेगळे असते, प्रत्येकाला समान संधी द्यावी. वेगळे आणि समान, ही दोन्ही एकाच बाकावर कशी बसवायची ते त्या उत्तरात नव्हते.

ठरवले, आपण आपला खेळ करू. विषय शोधायला दूर जायची गरज नव्हती. नगरचा भुईकोट किल्ला. १५९५ च्या अखेरीस अकबराचा शहजादा मुराद फौज घेऊन नगरवर आला. गादीचा वारस बहादूर लहान मूल, सरदारांत फूट. अशा वेळी हुसेन निजामशहाची मुलगी, विजापूरच्या अली आदिलशहाची विधवा चांदबीबी किल्ल्यात उभी राहिली. मोगलांनी तटाखाली सुरुंग खणले. त्यांची खबर मोगल छावणीतूनच आत पोहोचली, असे फरिश्ता लिहितो. काही सुरुंग आतल्या लोकांनी शोधून निकामी केले, पण एक उडाला आणि तटाला मोठे खिंडार पडले. चांदबीबी तलवार घेऊन त्या खिंडारात आली, आणि रातोरात तट पुन्हा उभा राहिला. १५९६ मध्ये तह झाला. वऱ्हाड गेला, पण नगर वाचले. गोळे संपले तेव्हा तिने तांब्याची, चांदीची, शेवटी सोन्याची नाणी तोफेत भरली, ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक नानी सांगते. (नगरजवळच्या डोंगरावर ज्याला सगळे ‘चांदबीबीचा महाल’ म्हणतात ती सलाबतखानाची कबर आहे, हे मी दरवर्षी वर्गात सांगते. मुले दरवर्षी निराश होतात आणि सहलीचा निबंध लिहिताना पुन्हा महालच लिहितात.)

वर्गात छत्तीस मुले. सहा गट, प्रत्येक गटात सहा पात्रे. सरदार, तोफची, घोडेस्वार, हेर, हकीम आणि भिश्ती. चांदबीबी मी कुणालाच दिली नाही, कारण वर्गातल्या सतराच्या सतरा मुलींना तीच व्हायचे होते. तिचे हुकूम चिठ्ठीवर येणार आणि मी मुराद होणार, असे ठरले. बुटांच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून पत्ते केले, फासे लुडोचेच घेतले. वेढा दहा दिवसांचा. तोफचीने फासा टाकायचा, तीन किंवा जास्त पडले तर शत्रूचे दोन लोक बाद. हकिमाला चार किंवा जास्त पडले तर आपला एक जखमी उठून बसणार. हेराने पुढची चिठ्ठी चोरून बघायची. घोडेस्वाराने रात्री बाहेर पडून दाणा आणायचा. सरदार दिवसातून एकदा कुणालाही फासा परत टाकायला लावू शकतो. आणि भिश्ती? भिश्तीने रोज पाणी द्यायचे. पाणी दिले नाही तर गटाची हिंमत एकाने कमी होणार.

मी मोठ्या समाधानाने पत्ते वाटले. कुणाला काय द्यायचे ते आधीच वहीत लिहून ठेवले होते. शेवटच्या बाकावरच्या एका मुलाला मी भिश्ती दिला. त्याने पत्ता उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, “टीचर, घरमें बी पानीच भरता मैं. हियां बी पानीच?”

वर्ग हसला. मीही हसले, हे कबूल करायला हवे.

खेळ सुरू झाला. तोफची ओरडत होते, हेर कानात कुजबुजत होते, आणि प्रत्येक गटातला भिश्ती दर फेरीत एकदा “पानी दिया” म्हणून खिडकीबाहेर बघत होता. तो मुलगा चौथ्या फेरीनंतर तेवढेही म्हणेना. मी रागावले. म्हटले, तू पाणी दिले नाहीस तर तुझा गट हरेल, तुझे काम सगळ्यांत महत्त्वाचे आहे. तो शांतपणे म्हणाला, “काम है टीचर, पन उसमें मेरेकू सोचने का कुछ हैच नई.”

घरी जाताना एस.टी.त हे वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहिले. एखादे काम गरजेचे असते, म्हणून ते करणाऱ्याच्या हातात काही असतेच असे नाही. आम्ही दुसऱ्याला ‘तुझ्यावाचून अडते’ असे म्हणतो ते बहुधा त्याला काहीच द्यायचे नसते तेव्हा. घरोघरच्या बायकांना हे मी सांगायला नको. भाऊ म्हणाला, आमच्या खेळात त्या धर्मपुरुषाचे हेच झाले. तो सगळ्यांना हवा, पण व्हायला कुणी तयार नाही, कारण दिवसभर दुसऱ्यांच्या जखमा बांधायच्या. मग २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याला इतके काही दिले की तो लढवय्यापेक्षा चांगला लढू लागला आणि लोक उलट्या तक्रारी करू लागले.

मला ते टाळायचे होते. म्हणून चौकटीची वही घेतली आणि गणित मांडले. तोफचीचा फासा सहापैकी चार वेळा लागतो, दर वेळी दोन, म्हणजे दहा दिवसांत तेरा-चौदा. मग मी सगळ्यांचेच तेरा-चौदा केले. तोफची दोन पाडणार, हकीम दोन उठवणार, घोडेस्वार दोन पोती आणणार, भिश्ती दोन हिंमत वाढवणार, आणि सगळ्यांना तीन किंवा जास्त पडायला हवे. कागदावर ते इतके सुंदर दिसले की मी ते मुख्याध्यापकांनाही दाखवले.

वर्गात तो खेळ पंधरा मिनिटांत मेला. कुणी तक्रार केली नाही, रडले नाही. नुसती जांभई पसरली. एका मुलीने विचारले, “टीचर, नाम अलग है, बाकी फरक क्या?” खरेच काही फरक नव्हता. २००८ मध्ये त्या अमेरिकन खेळाची चौथी आवृत्ती आली, तेव्हा सगळ्या पात्रांच्या करामती एकाच साच्यात बसवल्या होत्या. तराजू बऱ्यापैकी सरळ झाला, आणि अनेक जुने खेळाडू म्हणाले की आता कुणीही व्हा, सारखेच लागते. ती मोठी कंपनी जिथे अडखळली तिथे मी बुटाच्या खोक्यांवर अडखळले, यात लाज वाटण्यासारखे काही नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

आमचे अब्बा झेंडीगेटच्या घरी संध्याकाळी शतरंज मांडत. मोहऱ्यांची किंमत त्यांनी बोटांवर शिकवली होती. प्यादे एक, घोडा आणि उंट तीन-तीन, हत्ती पाच, वजीर नऊ. पण तेच सांगत की ही किंमत मोहऱ्याची नसते, जागेची असते. गर्दीत घोडा बरा, पट मोकळा झाला की उंट. जुन्या शतरंजमध्ये वजीर तिरके एकच घर चालायचा, अगदी गरीब मोहरा. पंधराव्या शतकाच्या शेवटी युरोपात त्याला सगळा पट मोकळा करून दिला आणि त्याचे नाव राणी पडले. साधारण त्याच सुमारास, १४९० मध्ये, मलिक अहमदने भिंगारजवळ आपले नवे शहर वसवायला घेतले, ते आमचे नगर. तो नवा वजीर पुढे आमच्याकडेही आला; चाल राणीची, नाव मात्र वजीरच राहिले. चांदबीबीचे वेगळे काय झाले? राज्य चालवले तिने, गादी बहादूरची.

तर, सारखे करून भागत नाही आणि वेगळे ठेवले तर कुणीतरी खिडकीबाहेर बघतो. तिसऱ्या खेपेला मी भिश्तीला विचार करायला काहीतरी द्यायचे ठरवले. रोज त्याच्याकडे आठ मशका पाणी. मागणी दहाची. प्यायला दोन, हकिमाच्या जखमींना दोन, तोफ निववायला दोन, घोड्यांना दोन, आणि तट लिंपायच्या चिखलाला दोन. कुणाला किती, हे भिश्ती ठरवणार. दुसरे कुणी नाही.

भिश्ती शब्द बिहिश्तवरून आला, म्हणजे स्वर्गातला, असे मी मुलांना सांगितले. मोहरमच्या सबिलीवर शरबत वाटताना आपण ज्या सक्क्याची आठवण काढतो त्याचेही सांगितले. नगरचा मोहरम आमच्या मुलांना ठाऊक असतो, बारा इमाम कोठल्याची सवारी पाहायला निम्मा वर्ग जातो. त्या दिवशी पहिल्यांदा तीन मुलांनी भिश्तीचा पत्ता मागून घेतला. आमच्यात अजून कुणाकुणाला ‘भिश्ती’, ‘पखाली’ म्हणून हिणवले जाते, ते लक्षात घेता मला हे थोडे नव्हते. शेवटच्या बाकावरचा तो मुलगा काही बोलला नाही, पण त्याने आपल्या पत्त्यावर पेनने मशक काढली.

आणि मग तराजू दुसऱ्या बाजूने कोसळला. त्याच्या गटाची सरदार वर्गात पहिली येणारी मुलगी होती. दुसऱ्या दिवशी तिने त्याला “ए पानीवाले, इधर ला” अशी हाक मारली. त्याने ऐकले न ऐकल्यासारखे केले आणि सगळे पाणी घोड्यांना दिले. तिसऱ्या दिवशीही घोड्यांना. सातव्या दिवशी माझी सुरुंगाची चिठ्ठी निघाली, तटाला खिंडार पडले, रातोरात चिखल हवा होता. त्याच्याकडे मशका होत्या. त्याने दिल्या नाहीत. मी म्हटले, “अरे, किल्ला पडेल, तू पण आत आहेस.” तो म्हणाला, “पडने दो.”

किल्ला पडला. ती मुलगी रडली. दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले आणि शिकवायचे सोडून टीचर काय खेळत बसतात, असे विचारून गेले. मुख्याध्यापक मला म्हणाले, पाठ टाचणात हे कुठे बसते ते लिहून द्या. मी लिहून दिले.

चौशाच्या लढाईत, १५३९ मध्ये, हुमायून नदीत बुडत होता तेव्हा निजाम नावाच्या भिश्तीने त्याला फुगवलेल्या मशकीच्या आधाराने पार नेले. हुमायूनने पुढे त्याला थोडा वेळ तख्तावर बसवले. त्याने चामड्याची नाणी पाडली अशी गोष्ट आहे. आम्ही ती गंमत म्हणून सांगतो. त्या भिश्तीला तख्तावर बसून काय वाटले असेल, हे कधी कुणी विचारत नाही. बहुधा त्यालाही ठाऊक असेल की हे संध्याकाळपर्यंतच आहे. ज्याला एका दिवसापुरते तख्त मिळते, त्याने त्या दिवसात शहाणपणानेच वागावे, ही अपेक्षा मोठीच आहे.

मी त्या मुलाला मधल्या सुट्टीत थांबवले. रागवायलाच थांबवले होते. तेव्हा कळले की त्यांच्या गल्लीत आठवड्यातून एकदा नळाला पाणी येते, तेही सकाळी, आणि टँकर आला तर त्याची वेळ नाही. बाप गवंड्याच्या हाताखाली पहाटेच जातो, आईच्या कमरेला दुखणे आहे. पिंपे हाच भरतो. सायकलला दोन कॅन बांधून चार फेऱ्या. मी हजेरीपट काढला. त्याच्या नावापुढे दर आठवड्याला एक लाल ‘उ’ होता, उशिरा आल्याचा. तो माझ्याच हातचा. दोनदा तर मी त्याला पहिला तास संपेपर्यंत दाराबाहेर उभे केले होते. आणि मग याच मुलाला, आपण पात्रे वाटताना, मी भिश्ती दिला होता. तो पाणी भरतो हे मला ठाऊकही नव्हते. तरी मला तो तसाच दिसला असला पाहिजे.

वहीत पाहिले. सहाही सरदार पहिल्या दहातले होते, सहाही भिश्ती शेवटच्या दहातले. मी हे ठरवून केले नव्हते. हात आपोआप तसा चालला होता. खेळातला तराजू नीट करायला मी आकडे बदलत बसले होते, पण पत्ते वाटताना तो आधीच कलला होता.

त्यानंतर पत्ते उलटे ठेवून उचलायचे, असा नियम केला. हे सोपे होते. कठीण होते ते भिश्तीला हात असावेत, पण साऱ्या किल्ल्याची मान त्यात नसावी, हे. यावर वाट सापडली ती सावंतवाडीला. शाळेची सहल कोकणात गेली होती. राजवाड्यात कारागीर बसून गंजिफाचे गोल पत्ते रंगवत होते. तिथे दशावतारी गंजिफा जास्त, दहा रंगांची, १२० पानांची. पण मोगली गंजिफा आठ रंगांची असते, ९६ पाने, तिघांत बत्तीस-बत्तीस. बाबराने १५२७ मध्ये सिंधला गंजिफा पाठवल्याची नोंद आहे, म्हणजे खेळ जुना. त्यात एक फार शहाणपणाची गोष्ट आहे. ताज, सफेद, शमशेर आणि गुलाम या चार रंगांत राजा-वजिरानंतर दहा मोठा, एक्का सर्वांत लहान. चंग, सुर्ख, बरात आणि किमाश या चार रंगांत मात्र राजा-वजिरानंतर एक्का मोठा आणि दहा सर्वांत लहान. म्हणजे हातात सगळे लहान आकडे आले म्हणून कुणी कपाळाला हात लावायचा नाही. कोणत्या रंगाचे लहान, ते आधी बघायचे.

परतीच्या गाडीत मुले अंताक्षरी खेळत होती आणि मी पर्समधला लुडोचा फासा बोटांत फिरवत होते. फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज नेहमी सात असते. वर सहा तर खाली एक, वर दोन तर खाली पाच. पाठ्यपुस्तकात हे कोड्यात येते. मी ते कितीदा सोडवले असेल.

चौथा खेळ असा झाला. गटाने रोज एकच फासा टाकायचा. वरचा आकडा तोफचीचा, तितका त्याचा मारा. खालचा आकडा भिश्तीचा, तितक्या त्याच्या मशका. मागणी पाचाची ठेवली, प्रत्येक कामाला एक. ज्या दिवशी तोफ गाजते त्या दिवशी पाण्याची ओढ, ज्या दिवशी बार फुसका जातो त्या दिवशी मशका भरलेल्या. सगळ्यांसाठीच वाईट, असा दिवसच नाही. मशका कुणाला द्यायच्या ते अजूनही भिश्तीच ठरवतो, पण खालचा आकडा पाच किंवा सहा असला तर तो कुणाला नाही म्हणणार?

नियम सांगितला तसे एक पोरगे फासा पडल्याबरोबर तो उचलून खाली काय आहे ते बघायला धावले. दुसऱ्या गटात वर एक पडला. तोफची हिरमुसला आणि त्याचा भिश्ती बाकावर उभा राहून ओरडला, “छे! छे आया मेरा!” एकाच फाशावर एक रडतो आहे आणि दुसरा नाचतो आहे. मला हसू आवरेना.

घोडेस्वाराचे रडगाणे मात्र संपले नाही. वेढ्यात घोडा काय करणार? त्याला आकड्यांनी फुगवायचा मोह मी या वेळी आवरला. त्याऐवजी पुढच्या महिन्यात दुसरा खेळ घेतला, भातवडीचा. हे गाव आमच्याच जिल्ह्यात, नगर तालुक्यात. १६२४ मध्ये मलिक अंबरने तिथे मोगल आणि आदिलशाही फौजांना मिळून हरवले. हबशातून गुलाम म्हणून विकत आलेला माणूस, निजामशाहीचा सर्वेसर्वा झालेला. त्याने तलावाचे पाणी शत्रूच्या छावणीत सोडले, चिखलात तोफा रुतल्या, आणि त्याचे हलके घोडेस्वार रात्रीबेरात्री येऊन झोडपून जात. शहाजीराजे आणि त्यांचे भाऊ शरीफजी त्याच्या बाजूने लढले. शरीफजी तिथेच पडले. दोघा भावांची नावे नगरच्या शाह शरीफ दर्ग्याच्या पिरावरून ठेवली, असे सांगतात. या खेळात तोफची दहा दिवस हात चोळत बसला आणि घोडेस्वाराने बदला घेतला. प्रत्येक दिवशी सगळे सारखे, असे करायला गेले की खेळ मरतो. वर्षभरात प्रत्येकाचा एखादा भातवडी आला पाहिजे, एवढे मात्र बघावे लागते. वर्गात ते मला अजून जमलेले नाही. गणिताच्या परीक्षेत काही मुलांचे भातवडी कधीच येत नाही, आणि आमच्या वेळापत्रकात गणिताचे तास जास्त आहेत.

चौथ्या खेळात त्या मुलाला पत्ता उचलल्यावर हेर आला होता. त्याने तो पहिल्या येणाऱ्या मुलीशी बदलून भिश्ती घेतला. का, ते मी विचारले नाही. त्या दिवशी त्यांच्या गटाला खिंडाराच्या रात्री फासा वर पाच पडला, खाली दोन. दोनच मशका. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याने एक चिखलाला दिली आणि एक हकिमाला, आणि म्हणाला, “पीने का कल देखेंगे.” हिंमत एकाने उतरली. तट राहिला. मुलगी त्याला काही बोलली नाही, तोही बोलला नाही. पुढच्या फेरीचा फासा मात्र तिने त्याच्या हातात दिला.

हजेरीपटातल्या ‘उ’चे मी काय केले, तर पाण्याच्या दिवशी तो लिहायचे सोडले. वर्गशिक्षिका म्हणून माझ्या हातात तेवढेच होते. आता तो नववीत आहे, वर्गशिक्षक वेगळे आहेत, आणि ते ‘उ’ लिहितात. मी त्यांना सांगून पाहिले. ते म्हणाले, मॅडम, एकाला सूट दिली तर सगळे मागतील. त्यांचेही अगदीच चुकीचे नाही. म्हणून आणखी वाईट वाटते.

मागच्या आठवड्यात तो मधल्या सुट्टीत सातवीच्या वर्गात आला. नव्या मुलांनी पत्त्यांचा डबा काढला होता. त्याने खिशातून एक नवा पत्ता काढून माझ्यापुढे ठेवला. बैलाच्या पाठीवर चामड्याची मोठी पखाल, दोन्ही बाजूंना लोंबणारी, खाली उर्दूत ‘पखाल’. त्याच्या दादाने सांगितले होते म्हणे, मशक माणूस वाहतो, पखाल बैल वाहतो. पाणी पुष्कळ येते, पण बैल तटाचा जिना चढत नाही. पखाल दरवाजापर्यंतच. पुढे मशकीनेच न्यायचे. “टीचर, इसका रूल बनाना पडेगा,” तो म्हणाला, “नई तो खेल एकतर्फा हो जाएगा.”

घंटा झाली आणि तो पळाला. एका पखालीत किती मशका धरायच्या? मी चार म्हटले होते, सातवीतली मुले सहा म्हणतात. शनिवारी अर्धी शाळा असते, तेव्हा खेळून बघणार आहोत.